टुविक्सचा खटला आणि मराठीतलं ‘आपण’

6 मे 1996 रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा चोविसावा भाग दाखवला गेला. भागाचं नाव ‘टुविक्स’, लांबी जेमतेम पाऊण तास. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्या पाऊण तासाच्या शेवटी कॅप्टन कॅथरीन जेनवेने जे केलं, तो खून होता की बचाव, यावर चाहते अजूनही भांडतायत. मालिका 2001मध्ये संपली. तिचे 172 भाग झाले. त्यातले बरेचसे भाग आज चाहत्यांनाही नावाने आठवत नाहीत. टुविक्स मात्र आठवतो. कुठल्याही दोन ट्रेकप्रेमींना एका टेबलावर बसवा आणि हे नाव घ्या. चहा गार होईल, वाद होणार नाही.

हा वाद मी गेली सात-आठ वर्षं ऐकतेय, त्यात भागही घेतेय. कॉलेजच्या होस्टेलवर झाला, मग वाकडच्या फ्लॅटवर शनिवारी रात्री पाच जणांनी एकत्र भाग पाहिल्यावर झाला. मला निकालापेक्षा वादात रस आहे. लोक नेमकं कशावर भांडतात, आणि कशावर भांडायचं राहून जातं? मला वाटतं, या भागातली सगळ्यात भयंकर गोष्ट जेनवेचा निर्णय नाहीच. ती गोष्ट त्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत घडते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. व्हॉयेजर हे जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर अडकलंय. परतीला सुमारे पंचाहत्तर वर्षं लागणार. जहाजावर टुवॉक आहे. तो व्हल्कन, म्हणजे भावना आवरून तर्काने चालणारा सुरक्षा अधिकारी. नीलिक्स आहे, बडबड्या, प्रेमळ, स्वयंपाकघर सांभाळणारा. दोघांचं पटत नाही. एका ग्रहावर ते वनस्पतींचे नमुने गोळा करायला जातात. परत येताना ट्रान्सपोर्टरमध्ये, म्हणजे माणसाला सुटं करून दुसऱ्या जागी पुन्हा जोडणाऱ्या यंत्रात, सोबतच्या एका ऑर्किडमुळे गडबड होते. दोघे गेले होते, एकच जण परत येतो. दोघांच्या आठवणी, दोघांची कौशल्यं, पण जाणीव एक. तो स्वतःला टुविक्स म्हणवतो.

आणि तो छान असतो. टुवॉकइतका हुशार, नीलिक्सइतका मायाळू. सुरक्षेचं काम बघतो, स्वयंपाकही उत्तम करतो. लोकांना तो आवडायला लागतो. काही आठवड्यांनी जहाजावरच्या डॉक्टरला दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते. टुविक्स म्हणतो, मला वेगळं व्हायचं नाही, मला जगायचंय. जेनवे ठरवते, वेगळं करायचं. डॉक्टर नकार देतो. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणं त्याच्या शपथेत बसत नाही. मग जेनवे स्वतः यंत्रापाशी उभी राहते आणि काम उरकते. टुवॉक आणि नीलिक्स परत येतात. जेनवे त्यांचं स्वागत करते, बाहेर पडते, कॉरिडॉरमधून चालत येते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. भाग संपतो.

हिशोब करणारे आणि दाखले देणारे

चाहत्यांचे साधारण दोन गट पडतात. पहिला गट हिशोबवाल्यांचा. दोन जीव एका जीवापेक्षा जास्त. टुवॉकला घरी बायको आहे, मुलं आहेत. नीलिक्सवर प्रेम करणारी केस् आहे. (हे नाव मराठीत लिहिताना पाय मोडावा लागतो, नाहीतर डोक्यावरचे केस होतात.) त्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं की बाबांनो, तुम्हाला एकत्र व्हायचंय का. मग त्यांच्या वतीने कॅप्टनने बोलायचं नाही तर कुणी? भागात जेनवे हाच मुद्दा मांडते आणि तो कच्चा मुद्दा नाही.

दुसरा गट दाखलेवाल्यांचा. हे लोक जेनवेला जेनवेच्याच वागण्याने पकडतात. त्यांचा सगळ्यात जोरकस दाखला पहिल्या सीझनमधला ‘फेज’ हा भाग. त्यात विडियन नावाचे रोगाने पोखरलेले लोक नीलिक्सची फुप्फुसं चोरून नेतात. जेनवे चोराला गाठते तेव्हा ती फुप्फुसं दुसऱ्या एका विडियनच्या शरीरात बसवलेली असतात. तो त्यांच्यावरच जगत असतो. फुप्फुसं परत घ्यायची तर तो मरणार. जेनवे संतापते, पण एकाला वाचवायला दुसऱ्याला मारायची मोकळीक आपल्याला नाही असं सांगून त्याला सोडून देते. म्हणजे नीलिक्सच्याच जिवाचा प्रश्न, दुसऱ्याच्या शरीरात मिसळून गेलेला नीलिक्सचाच ऐवज, आणि निर्णय अगदी उलटा. एक चोर होता, त्याला सोडलं. एकाने काहीच गुन्हा केला नव्हता, त्याला संपवलं.

हा दाखला मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, संपला विषय. संपत नाही. हिशोबवाले म्हणतात, ‘फेज’मध्ये नीलिक्स अजून जिवंत होता, दुसरे उपाय शिल्लक होते (आणि खरंच, शेवटी केस्चं एक फुप्फुस त्याला बसवलं जातं). इथे दुसरा उपाय नव्हता. मग कुणीतरी वेळेचा मुद्दा काढतं. टुविक्स तयार झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याला वेगळं केलं असतं, तर कुणाची हरकत होती का? बहुतेक जण म्हणतात, नाही. मग एका तासाने? एका दिवसाने? आमच्या फ्लॅटवर हा प्रश्न एका टेस्टरने विचारला. त्याच्या धंद्याला शोभेल असाच तो होता: तो माणूस नक्की कितव्या मिनिटाला झाला? उत्तर कुणाकडे नव्हतं. पण उत्तर नाही हेच उत्तर आहे. सीमारेषा सापडत नाही म्हणून रेषेच्या पलीकडे कुणी नसतोच असं होत नाही. संध्याकाळ नेमकी कधी झाली हे सांगता येत नसलं, तरी रात्र असतेच.

तिसरा एक छोटा गट आहे, गमतीने बोलणारा, पण त्यांच्या गमतीत एक अस्वस्थ करणारं सत्य आहे. नीलिक्स हे पात्र अनेक चाहत्यांना कधीच आवडलं नाही. ते म्हणतात, टुविक्स बरा होता की, ठेवायचा होता. हे ऐकून मी नेहमी एक चल बदलून बघते. समजा टुविक्स कुरकुऱ्या असता. कामात ढिला, बोलायला तिरसट, स्वयंपाकात मीठ जास्त. मग त्याच्या बाजूने इतके वकील उभे राहिले असते? मला शंका आहे. जगण्याचा हक्क आवडण्यावर अवलंबून असेल, तर तो हक्क नाही, लोकप्रियता आहे. पटकथाकारांनी टुविक्सला गोड बनवलं, कारण आपल्याला दुखलं पाहिजे. पण त्यामुळे आपण त्याच्या हक्कासाठी रडतोय की त्याच्या गोडव्यासाठी, हे तपासायची वेळ येत नाही.

आतून आणि बाहेरून

शेरलॉक होम्सच्या चाहत्यांकडून आलेली एक जुनी वाटणी आहे. गोष्टीतल्या गोष्टीचं कारण गोष्टीच्या आत शोधलं, तर ते वॉटसनचं उत्तर. गोष्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने शोधलं, तर ते डॉइलचं उत्तर. टुविक्सबद्दल डॉइलचं उत्तर एका ओळीत संपतं. टिम रस आणि ईथन फिलिप्स हे दोन नट मालिकेत कायमचे होते, दर आठवड्याला श्रेयनामावलीत त्यांची नावं झळकत. टुविक्स झालेला टॉम राइट पाहुणा होता. पाहुणा जाणार, घरचे परत येणार. त्या काळातल्या बहुतेक मालिकांसारखी व्हॉयेजरही भागाच्या शेवटी सगळं पूर्वीसारखं करून ठेवायची. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर दर आठवड्याला सर्व्हर रीस्टार्ट. आधीच्या आठवड्याचं काही मेमरीत उरत नाही.

काही चाहते इथे हात झटकतात: नटांचे करार होते, विषय संपला. मला उलट वाटतं, विषय इथून सुरू होतो. शेवट ठरलेला होता हे मान्य केलं, तर लेखकांच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या शेवटापर्यंत कसं पोचायचं. सोप्या वाटा भरपूर होत्या. टुविक्सला एखादा आजार जडवता आला असता, म्हणजे तो तसाही मरणारच होता. त्याला स्वतःहून बलिदान द्यायला लावता आलं असतं, म्हणजे डोळे पुसून सगळे मोकळे. रूढ टीव्ही हेच करतो. इथे तसं केलं नाही. टुविक्स निरोगी आहे, त्याला जगायचंय आणि तो तसं स्पष्ट सांगतो. रीस्टार्ट होणारच होता, पण त्याची किंमत कुणाच्या तरी जिवात मोजून दाखवली. दर आठवड्याला निमूट चालणाऱ्या यंत्राने एकदा आपला आवाज ऐकवला. या भागाचं मोठेपण मला इथे दिसतं.

आणि उणीव याच्या लगेच पुढे. पुढच्याच आठवड्यात ‘रिझोल्यूशन्स’ हा भाग आला. त्यात जेनवे आणि तिचा उपकप्तान चकोटे एका असाध्य रोगामुळे ग्रहावरच राहतात, जहाज पुढे निघतं. आता जहाजाचा ताबा कुणाकडे? टुवॉककडे. आठवडाभरापूर्वी ज्याला परत आणायला एक माणूस संपवला, त्याच टुवॉककडे. आणि या वेळी कर्मचारी गप्प बसत नाहीत. हॅरी किम ब्रिजवर सगळ्यांसमोर टुवॉकला आव्हान देतो. विडियन लोकांकडे इलाज मागू, असा आग्रह धरला जातो. केस् टुवॉकला समजावते आणि तो कॅप्टनचा आदेश मोडतो. थोडक्यात, या लोकांना वरिष्ठांविरुद्ध बोलता येत होतं. आठवड्यापूर्वीच बोलता आलं नव्हतं.

ब्रिजवरची शांतता

तो प्रसंग पुन्हा बघा. जेनवेने निर्णय सांगितलाय. टुविक्स ब्रिजवर आहे. तो एकेकाकडे बघतो. हे सगळे त्याचे सहकारी आहेत, त्याच्या हातचं जेवलेत, त्याच्यासोबत हसलेत. हे चूक आहे असं इथे कुणालाच वाटत नाही का, असं तो विचारतो. कुणी नजर खाली घालतं, कुणी तोंड फिरवतं. एकही जण उठत नाही. तो पळायला बघतो, सुरक्षारक्षक धरतात. मग तो सांगतो की तुम्ही सगळी चांगली माणसं आहात, आणि तुम्हाला हे सोबत घेऊन जगावं लागणार आहे. तो त्यांना क्षमाही करतो.

इतक्या वर्षांच्या वादात जेनवेची उलटतपासणी हजारदा झाली, पण त्या खोलीतल्या बाकीच्यांची क्वचितच होते. जेनवेने निदान यंत्राचं बटण स्वतः दाबलं. कुणाला हुकूम देऊन त्याच्या मागे लपली नाही. डॉक्टरने तोंडावर नकार दिला. चकोटे, पॅरिस, किम यांनी काय केलं? त्यांनी शांततेने मतदान केलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नोकरीत अशी एखादी मीटिंग पाहिलेली आहे. एकाचं काम संपल्याचं जाहीर होतं, स्क्रीनवर वीस चौकोन, सगळे म्यूटवर. म्हणून ब्रिजवरचा तो प्रसंग मला अवकाशातला वाटतच नाही. शिवाय त्या जहाजावर हा प्रश्न ठरवायची काही पद्धतही नसते. 1989च्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’मध्ये डेटा या अँड्रॉइडचे सुटे भाग करायचे ठरतं, तेव्हा निदान सुनावणी होते. पिकार्ड त्याची बाजू लढवतो आणि निकाल लागतो की डेटाला स्वतःचं ठरवायचा हक्क आहे. टुविक्सला सुनावणी मिळाली नाही. आपण चाहते आज जो वाद घालतो, ती खरं तर त्याला न मिळालेली सुनावणी आहे.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये वेळ घालवायला म्हणून मांडलेला खोटा खटला हळूहळू समोर हजर असलेल्या बाईचा खराखुरा छळ होतो. चाहत्यांचा हा खटला त्याच्या उलट्या दिशेने जातो. खेळ म्हणूनच सुरू होतो, पण चालतो एका गैरहजर माणसासाठी. 2023मध्ये ‘लोअर डेक्स’ या ॲनिमेशन मालिकेने ‘ट्वोविक्स’ नावाचा भाग करून हा वाद चक्क ट्रेकच्या जगात आत घेतला. पुन्हा दोघे एकत्र होतात. जेनवेने काय केलं होतं हे नव्या पिढीच्या कॅप्टनला कळतं आणि तिला धक्का बसतो. शेवटी सगळ्यांना मिसळून जाणीव नसलेला एक गोळा बनवतात, म्हणजे वेगळं करताना नैतिक प्रश्नच येत नाही. मी खूप हसले. पण ही युक्ती म्हणजे प्रश्न सोडवणं नाही, प्रश्न विचारणाऱ्याची शुद्ध घालवणं आहे. चाहत्यांची थट्टा म्हणून उत्तम, उत्तर म्हणून पळवाट.

जेनवेबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. ‘डीप स्पेस नाइन’मधल्या ‘इन द पेल मूनलाइट’ (1998) या भागात कॅप्टन सिस्को युद्धात मित्र मिळवायला खोटे पुरावे तयार करतो. त्या पायी खून होतात, आणि तो ते गिळून पुढे जातो. चाहत्यांच्या लाडक्या भागांच्या यादीत हा भाग हमखास वर असतो आणि सिस्को ‘गुंतागुंतीचा’ ठरतो. जेनवे ‘खुनी’ ठरते. यात ती बाई आहे याचा वाटा नसेलच असं मी म्हणणार नाही. पण मांडणीचाही मोठा वाटा आहे. सिस्कोला लेखकांनी अख्खा भाग आपल्याशी बोलू दिलं. कॅमेऱ्याकडे बघून तो आपली कबुली देतो, आणि कबुली ऐकणारा अर्धा माफ करून बसलेला असतो. जेनवेला फक्त कॉरिडॉरमधली काही सेकंदं मिळाली, तीही मुकी. केट मलग्रूने त्या सेकंदांत जमेल तेवढं भरलं, पण बाकीचं आपण भरतो, आपापल्या स्वभावाप्रमाणे.

मराठीत बोलताना

वाकडच्या त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली, जी इंग्रजीत वाद घालताना कधीच आली नव्हती. आम्ही भाग इंग्रजीत पाहिला, भांडलो मराठीत. एक मित्र टुविक्सला आदराने ‘ते’ म्हणत होता. ‘ते म्हणतात ना, मला जगायचंय.’ दुसरीने लगेच पकडलं: ‘ते म्हणजे कोण? तो एकटा, की ते दोघे?’ आणि खोलीत सगळे हसले, मग गप्प झाले. कारण मराठीतलं ‘ते’ आदराचं एकवचनही आहे आणि साधं अनेकवचनही. पाऊण तासाचा भाग ज्या प्रश्नाभोवती फिरतो, तो आपल्या सर्वनामात दडलेला आहे. ‘ते गेले’ म्हटलं तर कोण गेलं, हे व्याकरण सांगत नाही. ‘तो’ म्हणालात की तुम्ही बाजू घेतलीत.

पण खरी गोम ‘आम्ही’ आणि ‘आपण’मध्ये आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत मात्र समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे तोंड उघडताच ठरवावं लागतं. जेनवेची बाजू मराठीत मांडून बघा: ‘टुवॉक आणि नीलिक्स आम्हाला परत हवे आहेत.’ हे वाक्य टुविक्सच्या तोंडावर म्हणता येतं. आता ‘आपल्याला परत हवे आहेत’ असं त्याला म्हणून बघा. जीभ अडखळते. ज्याला संपवायचं त्याला ‘आपण’मध्ये धरून संपवता येत नाही. आधी ‘आपण’चं ‘आम्ही’ करावं लागतं.

ब्रिजवरच्या त्या दोन-तीन मिनिटांत नेमकं हेच घडतं. टुविक्स ‘आपण’ म्हणून बोलत राहतो, माझे सहकारी, माझे मित्र. समोरून कुणी ‘आम्ही’ असं म्हणत नाही, पण कुणी त्याच्या ‘आपण’ला ओ सुद्धा देत नाही. यंत्र, ऑर्किड, किरणं हे सगळं नंतरचं. तो वेगळा झाला तो तिथेच, सिकबेमध्ये पोचायच्या आधी.

जेनवे खुनी होती का? माझं मत विचाराल, तर निर्णय चुकीचा होता, आणि तो घेण्याची जबाबदारी तिने टाळली नाही, ही दोन्ही विधानं मला एकदम खरी वाटतात. पण पुढच्या वेळी हा भाग लावाल, तेव्हा जेनवेवरून नजर काढा आणि तिच्या मागच्या खुर्च्यांकडे बघा. त्या खुर्च्यांवर बसलेली सगळी चांगली माणसं आहेत. टुविक्सनेच तसं सांगितलंय.